स्टोरेजची खोली केवढी घ्यावी? बीएचके विसरा, टेप काढा

आमची इंदिरानगरची सोसायटी रिडेव्हलपमेंटला गेली आणि आम्ही दोन वर्षांसाठी भाड्याच्या वन बीएचकेत आलो. निम्मं घर कुठेतरी ठेवणं भागच होतं. एका स्टोरेजवाल्याला फोन लावला. त्याने एवढंच विचारलं, "घर केवढंय सर?" मी म्हटलं, टू बीएचके. "मग दहा बाय दहा घ्या, डोळे झाकून."

घेतली, आणि खरंच डोळे झाकून घेतली. सामान मावलं, शटर कसंबसं खाली आलं, मीही खूश. मग डिसेंबर उजाडला. नाशिकची थंडी काय असते ते नाशिककरांना सांगायला नको. स्वेटर आणि रजयांचे खोके काढायला गेलो, तर ते थेट मागच्या भिंतीला टेकलेले. पुढे फ्रिज, त्याच्यापुढे सोफा, त्यावर खुर्च्या आणि कळस म्हणून कूलर. रजयांसाठी दोन हमाल लावून सगळं सामान बाहेरच्या पॅसेजमध्ये काढलं आणि पुन्हा आत रचलं. बायको म्हणाली, "अहो, त्यापेक्षा मेनरोडवरून नव्या रजया आणल्या असत्या."

खोली केवढी हवी याचा हिशेब मी त्यानंतर मांडला. तुम्ही तो आधीच मांडा. एक टेप, एक वही आणि एक रविवार पुरतो.

हा प्रकार नवा असेल त्यांच्यासाठी थोडक्यात. सेल्फ स्टोरेजमध्ये तुम्हाला मोकळी खोली मिळते, तिला कुलूप तुमचं आणि किल्लीही तुमच्याकडे. मूव्हर्स-पॅकर्सच्या गोदामात सामान ते रचतात आणि मधेच काही हवं असेल तर त्यांना सांगावं लागतं. खोली साधारण पाच बाय पाच, पाच बाय दहा, दहा बाय दहा, दहा बाय वीस अशा मापांत मिळते. भाडं जागेवर, म्हणजे चुकलेलं माप दर महिन्याला पैसे खातं.

बीएचके का नको?

कारण बीएचके भिंती मोजतो. एकाच मजल्यावर दोन टू बीएचके असतात. एकात नोकरीला आलेलं जोडपं, त्यांचं सगळं सामान एका छोटा हत्तीत जातं. दुसऱ्यात जुन्या नाशकातल्या वाड्यातून आलेलं कुटुंब. त्यांच्याकडे तांब्याचा बंब, घंगाळ, पितळी पिंप, आजीची फडताळातली भांडी. शिवाय आपल्याकडे पाहुण्यांचा राबता. कोणी त्र्यंबकेश्वरला विधीसाठी येतं, कोणी पंचवटीत दर्शनाला, आणि सिंहस्थात तर विचारूच नका. २०१५च्या सिंहस्थासाठी आम्ही भरून घेतलेल्या कापसाच्या गाद्या अजून आहेत, आणि पुढचा सिंहस्थ तोंडावर असताना आई त्यांना हात लावू देत नाही. फोनवरच्या माणसाला या गाद्या कशा दिसणार?

पायरी १ : काय ठेवायचं नाही, ते आधी

गॅस सिलिंडर एजन्सीत जमा करून पावती घ्या, तो स्टोरेजमध्ये चालत नाही. पेट्रोल, रॉकेल, रंग, थिनर, फटाकेही नाहीत. धान्य, डाळी, पापड-कुरडया ठेवू नका. एका डब्याच्या वासावर उंदीर आले की गाद्या आणि पुस्तकं त्यांचीच. दागिने, घराची कागदपत्रं, सातबारा, मुलांचे दाखले बँकेच्या लॉकरमध्ये किंवा स्वतःजवळ.

मग भंगार आणि दान. इथे मन घट्ट करावं लागतं. "लागेल कधीतरी" या वाक्याला माझ्या मते दरमहा भाडं असतं. ते किती, हे पुढे सोफ्याच्या हिशेबात दाखवतो.

पायरी २ : टेप आणि वही

प्रत्येक मोठ्या वस्तूची लांबी, रुंदी, उंची फुटांत मोजा आणि गुणाकार करा. आलेला आकडा म्हणजे घनफूट. इंचांत अडकू नका, वरचा पाव-अर्धा फूट धरून मोकळे व्हा. सुटं होणारं सामान सुटं करून मोजा. पलंगाच्या फळ्या एकावर एक, डायनिंग टेबलाचे पाय काढून.

माझ्या वहीतलं पान असं होतं. साडेसहा फूट उंच, तीन फूट रुंद, दीड फूट खोल लोखंडी कपाट तीस घनफूट. दोन कपाटं म्हणजे ६०. सुटा केलेला डबल बेड २५, त्याची गादी १७. दिवाण २७. तीन सीटचा सोफा ५० आणि त्याच्या दोन खुर्च्या ४२. डबल डोअर फ्रिज २८, वॉशिंग मशीन १२, टेबल ६, एकात एक घातलेल्या चार खुर्च्या २०, टीव्हीचा खोका ८, कूलर २०. गुंडाळून सुतळीने बांधलेल्या सहा गाद्या ३०. बंब, घंगाळ, पिंप मिळून १५. शेवटी खोके. दीड फूट लांब-रुंद-उंच खोका साधारण ३.४ घनफुटांचा, असे तीस खोके म्हणजे १०१. एकूण बेरीज ४६१.

खोके मोजताना लोक हमखास फसतात. "दहा-बारा होतील" म्हणतात आणि स्वयंपाकघरच पंधरा खाऊन जातं. एका खोलीचे खोके प्रत्यक्ष भरून बघा आणि मग बाकीच्या घराचा अंदाज करा. पुस्तकांना छोटेच खोके वापरा. मोठा खोका पुस्तकांनी भरला तर तो उचलणारा आधी तुमच्याकडे बघतो, मग खोक्याकडे.

पोकळ वस्तू रिकाम्या नेऊ नका. दिवाणाच्या पोटात चादरी, कपाटात कपडे आणि हलकी भांडी, मशीनच्या ड्रममध्ये उशा. माझे पाच-सहा खोके याने वाचले असते. फ्रिज मात्र पूर्ण कोरडा करून उभाच ठेवायचा, दार किंचित उघडं, मधे कापडाची घडी. बंद ठेवलात तर दोन वर्षांनी जो वास येतो तो जन्मात जात नाही.

पायरी ३ : भागिले पाच

आता घनफुटांवरून जमीन काढायची. खोलीचं छत बहुतेक वेळा आठ फुटांच्या आसपास असतं, पण सामान साडेसहा फुटांपर्यंतच, म्हणजे लोखंडी कपाटाच्या उंचीइतकंच नीट रचलं जातं. त्याच्या वर काढताना डोक्यावर पडतं. शिवाय सामान काही विटांसारखं बसत नाही, मधे फटी राहतात. हे सगळं धरून मी एक सोपा ठोकताळा केला. जमिनीच्या एका चौरस फुटावर पाच घनफूट सामान. छत सात फुटांचंच असेल तर चार धरा.

म्हणजे ४६१ भागिले ५, सुमारे ९२ चौरस फूट. दहा बाय दहाची खोली शंभर फुटांची, मग माझं काय चुकलं? भिंतीला ओल असली तर ती सामानात येऊ नये म्हणून चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोडायचे असतात. ते सोडले की उरते साडेनऊ बाय साडेनऊ, जेमतेम नव्वद. खोली गळ्यापर्यंत भरली आणि आत शिरायला वाट उरली नाही. रजया अडकल्या त्या यामुळे.

वाटेचे फूट वेगळे धरायचे. एक माणूस खोका घेऊन आडवा-तिडवा न होता जायला दोन फूट रुंदी लागते. आठ फूट आत जाणारी वाट म्हणजे १६ चौरस फूट. वर्षभर शटर उघडायचंच नसेल, समजा देवळालीहून बदली होऊन निघालात, तर वाट सोडू नका, पैसे वाचवा. पण गावातच राहणार असाल तर तुम्ही जाणार. दिवाळीला आकाशकंदील हवा असतो, थंडीत रजई, आणि लग्नसराईत कुणाला तरी ते घंगाळ.

९२ आणि १६ म्हणजे १०८. मग मोठी खोली घ्यायची का? आधी सोफ्याला विचारा. सोफा आणि त्याच्या खुर्च्या मिळून ९२ घनफूट, म्हणजे सुमारे १८ चौरस फूट जागा. हिशेबापुरतं चौरस फुटाला महिना ५० रुपये धरू. महिन्याला ९०० रुपये, चोवीस महिन्यांचे २१,६००. आमचा दहा वर्षांचा सोफा, स्प्रिंगा बसलेल्या. त्याला कोणी पाच हजार दिले असते तर मी चहाही पाजला असता. शेवटी सोफा आणि कूलर विकले. उरले ३४९ घनफूट, म्हणजे ७० चौरस फूट, अधिक वाट १६, झाले ८६. नव्वदात बसलं. खोली तीच राहिली, भाडंही तेच, पण आता आत चालता येतं.

तुमच्याकडे जो दर सांगतील तो घालून हेच करा. प्रत्येक जुन्या वस्तूपुढे दोन वर्षांचं भाडं लिहा. घरातले वाद पटकन मिटतात.

पायरी ४ : रांगोळीने खोली आखा

आकड्यांवर विश्वास बसत नसेल तर हे करा. हल्लीच्या घरांत फरशी बहुतेक दोन बाय दोन फुटांची असते. पाच बाय दहाची खोली म्हणजे अडीच फरश्या रुंद, पाच फरश्या लांब. हॉल रिकामा करा, नाहीतर पार्किंगमध्ये जा, आणि रांगोळीने चौकट काढा. दाराची जागा मोकळी सोडा. मग कपाट, मशीन, खोके त्यात मांडून बघा. आम्ही पार्किंगमध्ये मांडत होतो तेव्हा शेजारच्या काकू विचारून गेल्या, "वास्तुशांत आहे का हो?"

साडेसहा फूट लांबीचा सोफा पाच बाय पाचमध्ये आडवा जात नाही, उभा करावा लागतो, हे कागदावर लक्षात येत नाही. रांगोळीत लगेच येतं. लांब वस्तू बेरजेच्या बाहेर असतात, त्यांना एक सलग भिंत लागते. म्हणून पन्नास फूट घेताना सात बाय सात आणि पाच बाय दहा यांत फरक आहे. गादी, फळ्या, शिडी असेल तर लांबट खोली घ्या.

खोली बघायला जाल तेव्हा

टेप बरोबर न्या. कागदावरचं माप भिंतीच्या आतलं की बाहेरचं, हे विचारा आणि स्वतः मोजा. कोपऱ्यात खांब असेल तर त्याने खाल्लेली जागा वजा करा आणि भाड्यातूनही वजा करायला लावा. शटरची रुंदी आणि उंची वेगळी मोजा. गुंडाळलेलं शटर वर जागा अडवतं आणि उभं कपाट तिथे अडतं. खोली वरच्या मजल्यावर असेल तर लिफ्टचं दारही मोजा.

पावसाळा विसरू नका. गोदावरीला पूर आला की सराफ बाजार, भांडी बाजारात पाणी शिरतं. २००८, २०१६, २०१९, तिन्ही पूर लोकांच्या लक्षात आहेत. नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला पाणी कुठवर आलंय ते बघायला गर्दी होते, पण स्टोरेज घेताना जागा नदीपासून किंवा नाल्यापासून किती उंच आहे ते कोणी बघत नाही. तळमजला असेल तर खाली लाकडी पॅलेट टाका. त्यात पाच-सहा इंच उंची जाते, ती हिशेबात धरा. गाद्या प्लॅस्टिकमध्ये घट्ट गुंडाळू नका, आतल्या आत दमट होतात. जुन्या सुती चादरीत बांधा, सोबत डांबरगोळ्या.

नुसती दुचाकी ठेवायची असेल तर स्कूटर सुमारे सहा फूट लांब आणि सव्वादोन फूट रुंद असते. पाच बाय दहाच्या खोलीत ती आणि दहा-पंधरा खोके आरामात बसतात. टाकी रिकामी करा, बॅटरीची वायर काढा. दुकानाचा माल असेल तर माझा ठोकताळा चालणार नाही. माल रोज आत-बाहेर होतो, रॅक लागतात, आणि निम्मी जमीन वाटेतच जाते.

करार करताना एकच गोष्ट लिहून घ्या : मधे छोटी किंवा मोठी खोली बदलून हवी असेल तर नवं डिपॉझिट लागणार का. जीएसटी भाड्यात धरलाय की वर, हेही तेव्हाच विचारा.

रचताना जड आणि उंच सामान भिंतींना, वाट मधोमध, पुस्तकांचे खोके खाली, गाद्या सगळ्यात वर. खोक्यांवर नंबर घाला, दोन बाजूंना, कारण नंबर नेमका भिंतीकडे जातो. वहीत नंबरापुढे काय आहे ते लिहा आणि त्या पानाचा फोटो मोबाईलमध्ये ठेवा. आमच्या शटरच्या आत, उजव्या हाताला पहिलेच खोके आता एक, दोन आणि तीन नंबरचे आहेत. तिन्हींत रजया.