निष्कर्ष पुन्हा मिळत नाहीत तेव्हा : शोधनिबंध मागे घेण्याचा अनुभव

पेशीजीवशास्त्रात पीएचडी किंवा पोस्टडॉक (पीएचडीनंतरचे संशोधन) सुरू करणाऱ्याला बहुतेक वेळा पहिले काम मिळते ते प्रयोगशाळेचा एखादा प्रसिद्ध निष्कर्ष पुन्हा मिळवून त्यावर पुढचे संशोधन उभारण्याचे. माझ्या वाट्यालाही तेच आले. पेशीवर ताण आला की एक प्रथिन पेशीद्रवातून केंद्रकात जाते, असे आमच्या गटाने मी येण्यापूर्वीच प्रसिद्ध केले होते. माझ्या पेशींत मात्र ते जाताना दिसेना.

अशा वेळी आपलाच हात अजून बसलेला नाही असे नवख्याला वाटते, आणि ती शंका आधी दूर करणे योग्यच आहे. मूळ प्रयोग ज्यांनी केला त्यांच्याशी लगेच आणि मोकळेपणाने बोलावे. छापील कार्यपद्धतीत न आलेल्या कितीतरी गोष्टी, जसे की पेशी किती दाट असताना प्रयोग केला किंवा त्यांच्या वाढीसाठी सिरम (रक्तद्रव) कोणते वापरले, त्यांच्याकडूनच कळतात. पेशींना मायकोप्लाझ्मा या सूक्ष्म जिवाणूचा संसर्ग झाला आहे का ते तपासावे, कारण त्याने पेशी वाढवण्याचे माध्यम गढूळ होत नाही आणि साध्या सूक्ष्मदर्शकाखाली तो दिसतही नाही. पीसीआरसारख्या (डीएनएच्या प्रती वाढवून तो ओळखणाऱ्या) चाचणीने खात्री होते. सेल लाइनची (प्रयोगशाळेत सतत वाढवत ठेवलेल्या पेशींच्या वंशाची) ओळख एसटीआर प्रोफायलिंगने, म्हणजे डीएनएच्या ठशाने, पडताळावी. स्वतंत्र समजल्या जाणाऱ्या अनेक सेल लाइन प्रत्यक्षात हेला या जोमाने वाढणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशीच असल्याचे स्टॅन्ली गार्टलर यांनी 1966 मध्ये दाखवले होते, आणि तसा गोंधळ आजही थांबलेला नाही. शक्य असेल तर द्रव नायट्रोजनमधली सर्वांत जुनी, कमी पॅसेजची (कमी वेळा नव्या भांड्यात हलवून वाढवलेल्या पेशींची) कुपी काढून तिच्यावर प्रयोग करावा.

आमच्या पेशी या सगळ्या तपासण्यांतून निर्दोष ठरल्या. दोष अँटिबॉडीत, म्हणजे ठरावीक प्रथिनाला चिकटून ते दाखवणाऱ्या रेणूत, निघाला. मूळ प्रयोगांत वापरलेली पॉलिक्लोनल अँटिबॉडी (अनेक अँटिबॉडींचे मिश्रण, जे दर खेपेला थोडे बदलू शकते) संपली होती आणि मी नव्या लॉटवर, म्हणजे नव्या खेपेवर, काम करत होतो. जुन्या लॉटचा उरलेला थोडासा साठा फ्रीजरमध्ये सापडला, तेव्हा त्या प्रथिनाचे जनुकच क्रिस्पर या जनुक-संपादन तंत्राने निकामी केलेल्या पेशींवर आम्ही तो वापरून पाहिला. प्रथिन मुळीच नसलेल्या त्या पेशींच्या वेस्टर्न ब्लॉटवर (प्रथिने आकारानुसार वेगळी करून अँटिबॉडीने ओळखण्याच्या चाचणीत) पट्टा उमटला, तोही नेमका त्याच उंचीला, आणि ताण दिल्यावर त्यांची केंद्रके पूर्वीच्या छायाचित्रांइतकीच चमकली. अँटिबॉडी दुसऱ्याच कोणत्यातरी प्रथिनाला चिकटत होती. नमुन्यांवरची नावे झाकून गटातील दुसऱ्या व्यक्तीकडून हाच प्रयोग करवून घेतला, तरी उत्तर बदलले नाही.

यानंतरचा प्रश्न दुरुस्ती छापायची की शोधनिबंध मागे घ्यायचा, हा होता. एखादी आकृती चुकली असून मुख्य निष्कर्ष टिकत असेल, तर दुरुस्ती पुरते. मुख्य निष्कर्षच विश्वासार्ह उरला नसेल, तर माघार घ्यावी, मग कारण गैरवर्तन असो वा प्रामाणिक चूक. प्रकाशन-नीतीसाठी काम करणाऱ्या कोप या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वेही हेच सांगतात. आमचे शीर्षकच त्या निष्कर्षावर उभे होते, त्यामुळे गटप्रमुखांनी फार वेळ घेतला नाही. सर्व सहलेखकांना मूळ नोंदी आणि नवे ब्लॉट एकत्र पाठवले गेले. एका सहलेखकाला निर्णय पटेना. सगळ्यांची संमती असणे चांगले, पण एकाच्या असहमतीने माघार अडत नाही. ती असहमती नियतकालिकात छापल्या जाणाऱ्या माघारीच्या सूचनेत नोंदवता येते.

सूचनेच्या मजकुरावर आम्ही सर्वाधिक वेळ दिला, आणि तो द्यावा असे माझे ठाम मत आहे. ‘काही निष्कर्ष पुन्हा मिळवता आले नाहीत’ एवढ्या वाक्याने वाचकाच्या हाती काही लागत नाही. कोणती अँटिबॉडी, कोणता लॉट, कोणत्या पेशींवर ती फसवी ठरली, कोणत्या आकृत्या बाद झाल्या आणि कोणत्या अजून ग्राह्य आहेत, हे स्पष्ट लिहिले तर तीच अँटिबॉडी वापरणाऱ्या इतरांची मेहनत वाचते. माघार कोण घेत आहे, लेखक की संपादक, हेही त्यात असलेच पाहिजे.

कारकिर्दीची भीती स्वाभाविक आहे, पण माघार मोठ्यांनीही घेतली आहे. नोबेल विजेत्या लिंडा बक यांनी 2001 मध्ये ‘नेचर’मध्ये आलेला आपल्या गटाचा शोधनिबंध, निष्कर्ष पुन्हा मिळवता न आल्याने 2008 मध्ये मागे घेतला, आणि फ्रान्सिस अर्नोल्ड यांनीही नोबेलनंतर प्रसिद्ध झालेला निबंध 2020 च्या सुरुवातीला मागे घेतला. अर्थात पीएचडीच्या विद्यार्थ्याची स्थिती त्यांच्याइतकी भक्कम नसते, म्हणून प्रबंधाचे एखादे प्रकरण त्या निबंधावर अवलंबून असेल, तर सूचना छापून येण्याआधीच मार्गदर्शक समितीला लेखी कळवावे. बायोडेटातून तो निबंध गुपचूप गाळू नये. ‘मागे घेतलेला’ असे लिहून ठेवावा, कारण पबमेड या शोधनिबंधांच्या ऑनलाइन सूचीत तो त्याच शिक्क्यासह दिसत राहतो.

शिक्का असूनही असे निबंध पुढे वर्षानुवर्षे उद्धृत होत राहतात. म्हणून आमच्याकडून पेशी आणि प्लाझ्मिड (जनुक पेशीत नेणारी डीएनएची छोटी वलये) नेलेल्या प्रत्येक गटाला आम्ही स्वतंत्र पत्र पाठवले, आणि सोबत निकामी जनुकाच्या पेशीही देऊ केल्या, म्हणजे आपल्याकडची अँटिबॉडी त्यांना स्वतःच तपासता येईल.