दुपारी दोनचा पेपर: डब्यात काय, बाटलीत काय

वैद्यकीय प्रवेशाच्या ‘नीट’ परीक्षेचा पेपर दुपारी दोन ते पाच. मे महिन्याचा पहिला आठवडा, पारा चाळिशीत, आणि एरवी ज्या वेळी अख्खं लातूर दार लोटून आडवं होतं, नेमक्या त्या वेळी 180 मिनिटांत 180 प्रश्न. त्यामुळे खाण्यापिण्याची तयारी आदल्या रात्री करून भागत नाही. पंधरा दिवस आधीच सुरू करा.

सराव पेपर दुपारी दोनलाच लावा आणि त्या दिवशी जेवणही परीक्षेच्या दिवसासारखंच ठेवा. आम्हाला हे ठेच लागून कळलं. एप्रिलअखेरच्या रविवारी घरात मोसमातला पहिला आमरस झाला. लेकीने दोन वाट्या रस, वर चार पुऱ्या हाणल्या आणि पेपरला बसली. जीवशास्त्राचे 90 प्रश्न कसेबसे उरकले, साडेतीनला भौतिकशास्त्र उघडलं आणि डोळे मिटायला लागले. एका प्रश्नाचा गोल चुकून खालच्या ओळीत काळा केला, मग पुढचे अकरा तसेच एकेक घर सरकलेले. आमरस मग पेपर होईपर्यंत बंद.

गेट दीडला बंद होतं, म्हणजे जेवण अकरा-साडेअकराला उरकायला हवं. सकाळी साडेसातला भरपूर शेंगदाणे घातलेले पोहे किंवा थालीपीठ, चालत असेल तर उकडलेलं अंडं. जेवणात दोन पोळ्या, घट्ट वरण, कमी तेलाची भाजी, भात नावापुरता. अजून एक पोळी जाईल असं वाटत असतानाच उठायचं. केंद्र दुसऱ्या गावात असेल तर डबा घरचाच न्या. वडापाव, मिसळ आणि बाहेरचा बर्फ त्या दिवशी नकोच. गेटात शिरण्याआधी एक केळं किंवा दोन-तीन खजूर. चॉकलेट नेऊ नका, पिशवीत त्याचा चिखल होतो. मुलाला मधुमेह असेल तर काय आत नेता येतं ते प्रवेशपत्रावरच्या सूचनांत आधीच नीट वाचा.

पाण्याचा हिशेब जरा नाजूक. पहिल्या तासात आणि शेवटच्या अर्ध्या तासात स्वच्छतागृहात जाऊ देत नाहीत, म्हणून गेटावर उभं राहून बाटलीभर पाणी ढोसण्यात अर्थ नाही. सकाळपासून थोडं थोडं पीत राहायचं, जेवणाबरोबर जिरं-मीठ घातलेलं पातळ ताक, एकनंतर फक्त घोट. आत नेण्याची बाटली पारदर्शक हवी. तिच्यावरचं लेबल आदल्या रात्रीच सोलून टाका. रात्री पोट बिघडलंच तर लिटरभर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. अंदाजपंचे मीठ टाकू नका.

चहा-कॉफीवरून प्रत्येक घरात वाद होतो. माझं मत असं, की रोज चहा घेणाऱ्याने त्या दिवशी तोडू नये, नाहीतर डोकं दुखतं. पण कधीच न पिणाऱ्याला ‘तरतरी येईल’ म्हणून कडक कॉफी पाजणं हा वेडेपणा. धडधड वाढते, लघवीला लागतं. आदल्या संध्याकाळी तर कॉफी नकोच. कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, आणि झोप गेली की दुसऱ्या दिवशी कसलाही खुराक उपयोगाचा नाही. एनर्जी ड्रिंकचे डबे दुकानातच राहू द्या.

आजीची दही-साखर चालेल, चमचाभर. उपवास मात्र त्या दिवशी आजीनेच धरावा.

पाचला बाहेर आल्यावर द्यायला थर्मासमध्ये गार पन्हं भरून ठेवा. तेव्हा भूक नसते, घसा सुकलेला असतो. पेपर कसा गेला, हे पेला रिकामा झाल्यावर विचारा.