वॅक्सिंगआधी संमती: आधी विचारपूस, मग सही

इंटरनेटवरून उतरवलेला इंग्रजी फॉर्म, खाली 'काही झाल्यास पार्लर जबाबदार नाही' ही ओळ आणि तिच्याखाली घाईघाईत ठोकलेली सही. असले कागद फाडून टाका. त्या ओळीने निष्काळजीपणा झाकला जात नाही. ग्राहक संरक्षण कायदा, 2019 खाली तक्रार करायला बाई मोकळीच असते.

फॉर्म मराठीत, मोठ्या अक्षरात, एका पानात बसवा. तारीख, वॅक्सचा प्रकार आणि कुठकुठला भाग करायचा ते वेगवेगळं लिहा. हातापायांना दिलेला होकार बिकिनी वॅक्सला चालत नाही.

घोळ होतो तो औषधांच्या प्रश्नावर. "काही औषधं चालू आहेत का?" असं मोघम विचारलंत तर "नाही" हेच ऐकू येणार, आणि ती बाई खोटं बोलत नसते. तिच्या लेखी औषध म्हणजे बीपीची नाहीतर शुगरची गोळी. मुरमांची कॅप्सूल आणि रात्री चोळायची ट्यूब तिच्या हिशेबातच नसते. म्हणून तीन प्रश्न सुटेसुटे विचारा: "ताई, मुरमांसाठी गेल्या सहा महिन्यांत गोळी घेतली का? रात्री चेहऱ्याला काय लावता? डागांसाठी, गोरेपणासाठी मेडिकलमधून काही आणलंय का?" नाव आठवत नसेल तर घरून ट्यूबचा फोटो मागवून घ्या आणि बारीक अक्षरांतले घटक वाचा.

गोळीत आयसोट्रेटिनॉइन असेल तर ती बंद होऊन सहा महिने होईपर्यंत कुठल्याच भागावर वॅक्स नको. ते औषध सगळ्या अंगाची कातडी नाजूक करतं. पट्टी ओढली की केसाबरोबर वरचा पापुद्राही निघतो, ओठावर ओलसर लाल चट्टा उरतो आणि आपल्या सावळ्या त्वचेवर त्याचा काळा डाग महिनोन्‌महिने जात नाही. थ्रेडिंगनेही कातडी सोलवटू शकते. भुवया कात्रीने नीट करा. ट्यूबवर ट्रेटिनॉइन किंवा अ‍ॅडापलीन (मुरमांवर लावायची औषधं) दिसलं तर ती लावणं थांबून किमान आठवडा झाल्याशिवाय त्या जागी वॅक्स लावू नका. डागांच्या तयार मिश्रणांत ट्रेटिनॉइनबरोबर हायड्रोक्विनोन (डाग फिके करणारं औषध) आणि बऱ्याचदा मोमेटासोनसारखं स्टेरॉइडही असतं. अशी क्रीम महिनोन्‌महिने चालू असेल तर आधी त्वचातज्ज्ञांकडे पाठवा. मात्र "गोळी बंद करा" हे आपण कधीच सांगायचं नाही. तो डॉक्टरांचा निर्णय.

हे सगळं पडद्याआड विचारा. देवगड-गुहागरसारख्या गावांत बाकावर बसलेली प्रत्येक बाई ओळखीची निघते. शेजारी सासू असताना गरोदरपणाबद्दल कोण बोलेल?

रक्त पातळ करणारी गोळी, मधुमेह, फुगलेल्या शिरा यांचीही नोंद करा. तारकर्ली-गणपतीपुळ्याला दिवसभर उन्हात भाजून आलेल्या पर्यटकांचे लालभडक खांदे दिसले तर सरळ नकार द्या, कितीही गयावया केली तरी. वॅक्समधल्या राळेची काहींना अ‍ॅलर्जी असते. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढी टेस्ट करून 24 तास थांबा. ब्रँड बदलला की टेस्ट पुन्हा.

"थोडं लाल होईल" एवढ्यावर भागवू नका. लाली आणि बारीक पुरळ दिवसभरात बहुधा उतरते, पण भाजणं, कातडी निघणं, केस आत वळणं, काळे डाग हेही होऊ शकतं, असं स्पष्ट सांगा. किनाऱ्यावरच्या दमट हवेत घाम साचून केसांच्या मुळाशी पू धरतो, म्हणून 24 तास समुद्रस्नान, तंग सिंथेटिक कपडे आणि लगेच खोबरेल चोळणं बंद. मे महिन्यातल्या नवरीला पहिलंच वॅक्सिंग हळदीच्या आदल्या दिवशी करू नका. महिनाभर आधी एकदा करून बघा. सांगून झालं की तिच्याच शब्दांत परत सांगायला लावा, मग सही.

18 वर्षांखालच्या मुलीसाठी पालकांची सही हवीच. पण आईने आणलं म्हणून मुलीची इच्छा आहे असं धरू नका, तिला वेगळं विचारा. फोटो टाकायचे असतील तर त्याची परवानगी निराळी.

मध्येच "थांबा" म्हणाली तर थांबायचं. लावलेलं राळेचं वॅक्स तेलाने आणि साखरेचं कोमट पाण्याने निघतं, हेही आधीच सांगून ठेवा. नकार दिला असेल तर तोही कारणासकट लिहा. जुन्या गिऱ्हाइकालाही दर खेपेला विचारायचं, "गेल्या वेळेपासून नवीन गोळी, नवीन क्रीम?", आणि उत्तर तारखेसह त्याच पानावर.