अकरावीला दुसरी भाषा कोणती घ्यायची?

भाच्यांचा दरवर्षीचा प्रश्न: "मावशी, संस्कृत की जर्मन?" मी उलट विचारते, दहावीला काय होतं? संस्कृत झालं असेल तर तेच पुढे न्या. शब्दरूपं, धातुरूपं पाठ असतात. जेईईच्या क्लासमधून वेळ काढून जर्मनचं डेर-डी-दास पहिल्यापासून घोकणं मात्र जिवावर येतं.

भाषेऐवजी आयटीही घेता येतं. ८० मार्कांचा पेपर कॉम्प्युटरवर, २० प्रॅक्टिकलचे. मुलं त्यावर तुटून पडतात, जागा मात्र मोजक्या.

आणि मराठी घरचीच म्हणून गाफील राहू नका! बारावीला मुलाखत, माहितीपत्रक, अहवाल, वृत्तलेख असं बरंच लिहावं लागतं. मला स्वतःला हाच भाग सगळ्यात कामाचा वाटतो.

फॉर्म भरण्याआधी कॉलेजात जाऊन विचारा, त्या भाषेचे तास खरंच होतात का आणि कधी. प्रॅक्टिकलच्या वेळेत येत असतील तर दुसरा पर्याय बघा.