फेनिटॉइनची रक्तपातळी कशी वाचावी

1938 साली मेरिट आणि पुटनम यांनी अपस्मारावर आणलेलं हे औषध आजही डोस ठरवताना चकवतं.

रक्त पुढच्या डोसच्या अगदी आधी घ्या. डोस बदलल्यावर पातळी स्थिरावायला एक ते तीन आठवडे लागू शकतात. घाईने घेतलेला आकडा फसवा. नेहमीची मर्यादा 10 ते 20 मायक्रोग्रॅम प्रति मिलिलिटर.

आता अल्ब्युमिन, म्हणजे रक्तातलं एक प्रथिन, बघा. फेनिटॉइन सुमारे 90 टक्के त्याला चिकटतं, काम मात्र मोकळा भागच करतो. अल्ब्युमिन कमी असेल तर पातळी अशी सुधारून घ्या: मोजलेली पातळी ÷ (0.2 × अल्ब्युमिन + 0.1), अल्ब्युमिन ग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये. पातळी 8, अल्ब्युमिन 2 असेल तर उत्तर 16. म्हणजे ‘कमी’ वाटणारी पातळी पुरेशी आहे, डोस वाढवायचा नाही! सोबत व्हॅल्प्रोएट हे अपस्माराचंच दुसरं औषध चालू असेल तर सूत्र सोडा, मोकळी पातळीच मोजा.

यकृतातलं विघटन एका मर्यादेनंतर वाढत नाही. त्यामुळे 300 चे 400 मिलिग्रॅम केले की पातळी दुपटीवरही जाते. पातळी 12 च्या पुढे असेल तर वाढ 25-30 मिलिग्रॅमचीच. डोळे थरथरले, चाल अडखळली, तर आधी पातळी तपासा.

सस्पेन्शनची (द्रव औषधाची) बाटली नीट हलवली नाही तर वरचे डोस पातळ आणि तळाचे जहाल निघतात.