एफडीएवाले गाडीशी येण्याआधी

तारकर्लीच्या रस्त्यावर मी फूड ट्रक लावतो. घावणे-चटणी, तळलेली सुरमई, सोलकढी, एवढंच. पर्यटकांची झुंबड आणि एफडीएची, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाची, तपासणी बहुधा एकाच आठवड्यात येतात, म्हणून तयारी दिवाळीआधीच उरकलेली बरी.

कागद. अन्न सुरक्षा कायदा 2006 चा, परवाने-नोंदणीचे नियम 2011 चे. त्या नियमांनी वर्षाला 12 लाखांपर्यंत उलाढाल असलेल्याला छोटा व्यावसायिक धरलं आणि त्याला परवान्याऐवजी 100 रुपये वार्षिक फीची नोंदणी ठेवली. अर्ज फॉस्कॉस या सरकारी नोंदणी पोर्टलवर स्वतः भरता येतो. भरताना तिथली चालू मर्यादा आणि फी बघून घ्या. एजंटला हजार-दोन हजार मोजायची गरज नाही. मिळालेला 14 आकडी क्रमांक गिऱ्हाइकाला दिसेल असा लावा. पण नोंदणी म्हणजे गाडी उभी करायची परवानगी नव्हे, ती ग्रामपंचायतीकडून किंवा नगरपरिषदेकडून वेगळी घ्यावी लागते. टेम्पो कापून ट्रक केला असेल तर आरटीओचं काम त्याच्याही आधी.

गाडीवरच्या प्रत्येकाचं वैद्यकीय प्रमाणपत्र दरवर्षी लागतं, टायफॉइडच्या लशीसकट. फक्त सीझनपुरत्या आलेल्या पोराचंही. नेमकं तेच राहून जातं.

पाणी आणि बर्फ. आपल्या किनाऱ्यावर गाडी अडकते ती इथे. खाडीकाठच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात, मग टँकर येतो, आणि तो कुठून भरला हे कोणी विचारत नाही. तुम्ही विचारा. ज्या विहिरीचं पाणी वापरता ते सीझनच्या सुरुवातीला प्रयोगशाळेतून तपासून घ्या आणि अहवाल फाइलला लावा. टाकी झाकणाची आणि तोटीची हवी. तांब्या बुडवून पाणी काढलं की अहवालाला काही अर्थ उरत नाही.

बर्फाचा धडा मी स्वतः शिकलोय. पहिल्या वर्षी जेटीवरची लादी आणायचो. थर्माकोलची एकच पेटी, खाली सुरमई, वर फोडलेला बर्फ, आणि तोच सरबताच्या ग्लासात. अधिकाऱ्यांनी झाकण उघडून धरलं आणि मलाच वास घ्यायला सांगितला. तेव्हापासून दोन पेट्या, दोन रंगांच्या. मासळीचा बर्फ मासळीपुरताच. खायच्या बर्फाची पावती घेतो, तीही कारखान्याचा नोंदणी क्रमांक असलेली.

सोलकढीवर डोळा ठेवा. नारळाचा रस उन्हात लवकर उतरतो, आणि कोकमाच्या आंबटपणात ते पटकन कळत नाही. थंड पदार्थ 5 अंशांखाली, गरम 60 च्या वर. तीनशे-चारशे रुपयांचा थर्मामीटर घ्या, हाताच्या अंदाजावर जाऊ नका. वर्तमानपत्रात भजी बांधणं बंद. काळं पडलेलं तेल टाकून द्या, जीव कितीही तुटला तरी.

तपासणीच्या दिवशी. आधी ओळखपत्र बघायला मागा. त्यात उद्धटपणा नाही. अधिकाऱ्यांना गाडी, माल, कागद सगळं बघायचा अधिकार आहे, तेव्हा फ्रीज उघडायला कुरकुर करू नका. नमुना घेतला तर त्याची किंमत विक्रीच्या भावाने तुम्हाला मिळते. सहसा कोणी मागत नाही, पण कायद्यात आहे. नमुन्याचे चार भाग होतात: एक प्रयोगशाळेत नमुना तपासणाऱ्या अन्न विश्लेषकाकडे, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (तपासणीला आलेल्याच्या वरचा अधिकारी), आणि चौथा, तुम्ही मागणी केलीत तरच, मान्यताप्राप्त खासगी प्रयोगशाळेत. ही मागणी तिथल्या तिथे लेखी करा. विश्लेषकाचा अहवाल विरोधात गेला तर अपिलाला 30 दिवस असतात.

पंचनामा वाचल्याशिवाय सही नको. गर्दी असली तर गिऱ्हाईक थांबेल, दोन घावणे करपतील, करपू देत. आणि कोणी पावतीशिवाय 'मिटवून टाकू' म्हणालं तर पावती मागा. बहुतेक वेळा बोलणं तिथेच संपतं.

सुधारणा नोटीस आली म्हणून हातपाय गाळू नका. अन्न सुरक्षा कायद्याच्या कलम 32 प्रमाणे दुरुस्तीला किमान 14 दिवस द्यावे लागतात. नोटिशीत लिहिलंय तेवढं आधी करा, आधीचे आणि नंतरचे फोटो काढा, उत्तर दोन प्रतींत लिहून कार्यालयात द्या. आवक शिक्का मारलेली प्रत घरच्या कपाटात नको, गाडीतच ठेवा, गॅसपासून लांब.