फील्डला निघण्याआधी: कागदांची फाइल वेगळी, पत्राचं पाकीट वेगळं

१९९९ च्या मे महिन्यात, हे फौजेत होते तेव्हा, आमच्या यांची सुट्टी अर्ध्यावर रद्द झाली. सकाळच्या एसटीनं निघाले. काळी ट्रंक टपावर चढवली आणि गाडी सुटता सुटता खिडकीतून माझ्या हातात एक खाकी पाकीट दिलं. चारी बाजूंनी फेविकॉल लावलेलं, वर मोठ्या अक्षरात ‘उघडू नये’. मी ते ज्वारीच्या कणगीत खोल खुपसलं आणि वर्षभर तिकडं बघितलं नाही. दुसऱ्या वर्षी हे सुखरूप आले, चहा झाल्यावर पाकीट मागितलं आणि फोडलं. आत दोन पानांचं पत्र होतं, आपलं काही बरंवाईट झालं तर घरच्यांनी वाचायचं, आणि त्याच्याच घडीत विम्याची पॉलिसी, हप्त्याची पावती आणि पतसंस्थेतल्या ठेवीचा कागद. हप्त्याची तारीख केव्हाच उलटून गेलेली, पॉलिसी बंद पडलेली. पत्र यांनी मला न दाखवता बंबात टाकलं. काय लिहिलं होतं विचारलं तर म्हणाले, “हप्ता वेळेवर भर, असं लिहिलं होतं.”

आता मुलगा मराठा लाइट इन्फंट्रीत आहे आणि सून माझ्या जागी आहे. तिला जे एकेक करून सांगितलं तेच इथं लिहिते. ज्यांच्या घरातलं माणूस पहिल्यांदाच फील्डला, म्हणजे सीमेवरच्या नाहीतर धोक्याच्या भागातल्या पोस्टिंगला, निघालंय, त्यांना उपयोगी पडेल.

पहिली गोष्ट वर आलीच. कागद ज्या दिवशी हवेत त्या दिवशी हाताला लागले पाहिजेत, आणि पत्राला हात लावायची वेळ न आलेलीच बरी. दोन्ही एकत्र ठेवलं की कागद पत्रासारखे पुरले जातात.

फाइल साधी बटणाची, प्लॅस्टिकची घ्या. सगळ्यात वर एक कोरा कागद, त्यावर त्याचा आर्मी नंबर, हुद्दा, पूर्ण नाव, कंपनी, पलटण. खाली तीन फोन नंबर: पलटणीतला एक, रेकॉर्ड ऑफिसचा (जिथं जवानाच्या नोकरीचे कागद असतात; मराठावाल्यांचं बेळगावला आहे) आणि आपल्या जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयाचा. चौथा नंबर मी आग्रहानं लिहून घेतला. त्याच्याच सेक्शनमधल्या मित्राच्या बायकोचा. पहिले तीन कामाचे आहेत, पण रात्री अकरा वाजता उचलला जातो तो चौथा.

आत लग्नाचा दाखला, मुलांचे जन्मदाखले, दोघांच्या नावावरच्या बँक खात्याचं पासबुक, विमा, कर्जाचे कागद, सातबारा. आणि ज्याला फौजेत पार्ट टू ऑर्डर म्हणतात त्याची प्रत. लग्न झालं, मूल झालं, की त्याची नोंद पलटणीमार्फत या ऑर्डरनं रेकॉर्डला जाते. नुसतं वाजतगाजत लग्न झालं म्हणजे फौजेच्या कागदावर तुम्ही बायको झालात असं होत नाही. सुट्टीवर आल्या आल्या त्याला विचारा, पार्ट टू निघाली का? “क्लार्कला सांगितलंय” हे उत्तर धरू नका. प्रत बघा.

प्रत बघताना नावाची अक्षरं बघा. आपल्याकडं लग्नात मुलीचं नाव बदलायची हौस आहे ना, ती इथं नडते. माझं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर, सासरचं नाव फौजेच्या रेकॉर्डला, आणि आधार कार्डावर तिसरंच काहीतरी, त्यात आडनावाचं स्पेलिंग वेगळं. यांच्या पेन्शनच्या वेळी एका कार्यालयात मला सांगितलं, “या बाई आणि त्या बाई एकच कशावरून?” शेजारी नवरा बसलेला असताना! प्रतिज्ञापत्र केलं, राजपत्रात नाव छापून आणलं, सात-आठ महिने गेले. माणूस नोकरीत असताना हेच काम एका अर्जावर सुरू होतं. म्हणून सुनेचं नाव आम्ही बदललंच नाही. तांदळात बोटानं काढलं ते तिचं तिचंच नाव.

नॉमिनीचं सांगते, हे सासवांनी जास्त नीट वाचावं. पोरगा भरती होतो तेव्हा बिनलग्नाचा असतो, सगळ्या फॉर्मवर आईचं नाव घालतो. पुढं लग्न होतं आणि ते नाव बदलायचं राहून जातं. त्यातून पुढं काय होतं ते मी आमच्या वाडीत बघितलंय. माणूस गेल्याचं दुःख बाजूला राहिलं आणि सासू-सुना दोन वेगवेगळ्या वकिलांकडं. मी मुलाला स्वतः सांगितलं, माझं नाव काढ. आणि मला, तुझ्या वडिलांना काय द्यायचं ते आम्हा दोघींना समोर बसवून बोल. तो ओशाळला, पण बोलला. मग मृत्युपत्र केलं. त्याला स्टॅम्प पेपर लागत नाही. साध्या कागदावर चालतं, सही दोन साक्षीदारांसमोर करायची आणि त्यांनीही सही करायची. नॉमिनी झालं की सगळं तिचंच, असाही समज करून घेऊ नका. बहुतेक ठिकाणी नॉमिनीच्या हातात पैसे येतात, मालकी वारसांची असते.

पेन्शनचे प्रकार बायकांना कुणी सांगत नाही, म्हणून थोडक्यात सांगते. लढाईत किंवा अतिरेक्यांशी चकमकीत जवान गेला तर लिबरलाइज्ड फॅमिली पेन्शन, म्हणजे त्याच्या शेवटच्या पगाराएवढी. ड्यूटीमुळे झालेल्या अपघातात किंवा आजारात गेला तर स्पेशल, ६० टक्के. बाकी कारणांनी गेला तर साधी, ३० टक्के. हातात येणाऱ्या कागदावर यातला कोणता शब्द आहे ते वाचायचं, मग सही.

आता पाकीट.

पत्र निघायच्या आदल्या रात्री लिहू देऊ नका. त्या रात्री माणूस एक तर काहीच लिहीत नाही, नाहीतर नाटकातलं भाषण लिहितो. सुट्टीच्या मधल्या एखाद्या दुपारी, पोट भरलेलं असताना, घर मोकळं करून त्याला एकट्याला बसवायचं. आमच्या पोरानं पहिल्यांदा पंचेचाळीस मिनिटं पेन चावला आणि ‘ती. आई-बाबांस सा. न.’ एवढंच लिहिलं. मी म्हटलं, मला काही लिहू नकोस, तुझं उसनं कुणाकडं आहे ते लिही. मग धडाधड लिहायला लागला. मावसभावाला दिलेले बारा हजार, मित्राकडं राहिलेलं हेल्मेट, मोटारसायकलची दुसरी चावी कुठं आहे ते. तिथून मग तो पोरीपर्यंत पोचला. अशी पत्रं हिशेबातूनच सुरू होतात, रडण्यातून नाही. (तयार झाल्यावर हिशेबाचा भाग फाडून फाइलमध्ये घातला. कारण वर सांगितलंय.)

कॅप्टन विजयंत थापर यांचं शेवटचं पत्र पुष्कळांनी वाचलं असेल. १९९९ च्या जूनमध्ये कारगिलच्या चढाईआधी घरच्यांना लिहिलेलं, वय बावीस. त्यात देशाबद्दल आहेच. पण अनाथाश्रमाला थोडे पैसे द्या आणि ओळखीच्या एका लहान मुलीला महिन्याला ५० रुपये देत जा, असंही आहे. आईबापाच्या हाताला पुढची कितीतरी वर्षं पुरेल असं काम त्या पोरानं देऊन ठेवलं. मुलाला पत्र लिहायला बसवाल तेव्हा हे सांगा. ‘शूर राहा’ लिहिलं तर वाचणाऱ्यानं दुसऱ्या दिवशी सकाळी उठून काय करायचं? त्यापेक्षा ‘परड्यातल्या आंब्याला मार्चमध्ये पाणी तोडू नका’ बरं.

माणसागणिक चिठ्ठी वेगळी असावी. बायकोची बायकोलाच, सगळ्यांसमोर वाचायची नाही. पोरीची सहा वर्षांच्या मुलीला समजेल अशी, आणि मोठी झाल्यावर वाचायची दुसरी, हवी तर. भावाला एक, कारण भाऊ नेहमी राहतात.

दोन गोष्टी लिहू नयेत असं माझं मत. मुलाला फौजेतच घाला, ही एक. मेलेल्या माणसाची इच्छा मोडता येत नाही. पोराला गणित आवडत असेल तर त्यानं काय करायचं? दुसरी, आईला संभाळ, असं बायकोवर टाकलेलं ओझं. आईला संभाळायला आई आहे.

आणि एक गोष्ट जमलं तर लिहावीच. बायकोनं पुन्हा लग्न केलं तर आपली हरकत नाही, हे त्याच्या हातचं अक्षर. तोंडी सांगितलेलं भावकी मानत नाही. शौर्यपदकाबरोबर मिळणारा मासिक भत्ता विधवेनं पुन्हा लग्न केल्यावर चालू राहायचा, पण कधी? दिराशीच लग्न केलं तर! ही अट काढायला २०१७ उजाडलं. सरकारला इतका वेळ लागला तिथं गावाचं काय घेऊन बसलात. आमच्या पोरानं हे लिहिलं की नाही मला माहीत नाही, आणि ते मी विचारणारही नाही.

पाकीट कुठं आहे हे दोघांना माहीत असावं, एक घरातलं आणि एक बाहेरचं. वर तारीख घाला. आणि ‘उघडू नये’ एवढ्यावर थांबू नका, केव्हा उघडायचं आणि कुणी, तेही लिहा. खाली दुसरी ओळ: परत आल्यावर न उघडता परत द्यायचं. ही ओळ नसली की मोह होतो. मला झाला होता. त्या जुलैत दोनदा कणगीत कोपरापर्यंत हात घातला होता, खोटं कशाला बोलू.

रोजच्या पत्रांचं वेगळं. आता फोन आहेत, पण वरच्या पोस्टवर रेंज दोन-दोन आठवडे नसते आणि कागद खिशात राहतो. पत्त्यात गावाचं नाव येत नाही. नंबर, हुद्दा, नाव, पलटण, द्वारा ५६ एपीओ (एपीओ म्हणजे फौजेचं पोस्ट ऑफिस), पूर्वेकडं असेल तर ९९ एपीओ, आणि ९ नं सुरू होणारा पिन. तो कुठं आहे हे तुम्हाला कळलं असलं तरी पत्रात नको, स्टेटसला तर नकोच नको. प्रत्येक पत्रावर क्रमांक घाला. पत्रं गठ्ठ्यानं पोचतात, मागचं पुढं होतं. माझं ‘बाळाचा ताप उतरला’ हे पत्र यांना आधी मिळालं आणि ‘बाळाला ताप आहे’ हे चार दिवसांनी. ते चार दिवस यांनी कसे काढले ते यांनाच ठाऊक.

आजारपण लपवू नका, पण डॉक्टर काय म्हणाले ते त्याच पत्रात लिहा. अर्धी बातमी पाठवायची नाही.

माझ्या सासूबाईंना, आम्ही आत्या म्हणायचो, वाचता येत नव्हतं. १९७१ ला मामंजी पूर्वेकडं होते. त्यांची पत्रं शाळामास्तर ओट्यावर बसून मोठ्यानं वाचायचे आणि शेजारच्या चार जणी ऐकायला. मामंजी सगळ्या पत्रांत ‘सर्व खुशाल’च्या खाली लिहायचे, तांबड्या गाईला चारा घालत जा. आमच्या गोठ्यात तांबडी गाय कधीच नव्हती. मास्तरांनी एकदा विचारलंसुद्धा. आत्या पदर तोंडाला लावून आत गेल्या. तुमची अशी एखादी गाय ठरवून ठेवा. कॅम्पातल्या फोनला रांग असते आणि मागचा ऐकत असतो.

राहता राहिली वाईट बातमी. पूर्वी तारवाला दारात दिसला की बायका आधी रडायच्या, मग तार वाचायच्या. तार २०१३ च्या जुलैत बंद झाली. आता टीव्हीवर खाली पट्टी फिरते आणि ग्रुपवर कुणीतरी न वाचताच हात जोडलेलं चित्र टाकतं. त्या भागात काही झाल्याचं कळलं की आम्ही टीव्ही बंद करतो, घरातला एकच फोन मोकळा ठेवतो आणि विचारपूस एकाच माणसानं करायची, आमच्यात धाकटे दीर. सुनेनं स्वयंपाकाला लागायचं. भूक नसली तरी. पलटणीकडून कळत नाही तोवर कुणाचाच शब्द खरा धरायचा नाही, गावातल्या पुढाऱ्याचा तर नाहीच.

पत्र दर सुट्टीला नवं लिहायचं. पोरी वाढतात, उसनं फिटतं, जुन्या पत्रात मेलेल्या माणसांना नमस्कार राहून जातात. मुलगा गेल्या महिन्यात आला तेव्हा सुनेनं पहिल्याच सकाळी कपाटातून पाकीट काढून, न उघडता, त्याच्या हातात ठेवलं. त्यानं चिकटवलेली कड उलटसुलट करून बघितली, तिच्याकडं बघून हसला आणि बंबात टाकलं. त्या दिवशी पाणी फार कडक तापलं होतं असं सून सांगत असते. एका पाकिटानं पाणी काय तापतंय, पण मी काही बोलत नाही.